बर्लिनला गेट नाही, पण टीसी आहे

मागच्या अंकात मी चार ओळी टाकल्या होत्या, की मी आणि बायको लेकीकडे बर्लिनला दीड महिना राहून आलो, आणि भुसावळला ३१ वर्षं टीसी म्हणून काढलेला मी माणूस, तिथल्या स्टेशनांना गेटच नाही हे बघून चक्रावलो. बस, एवढ्यावर प्रश्नांचा ढीग. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जमतील तेवढी देतोय.

प्रश्न: आप्पा, गेट नाही, कोणी अडवत नाही, मग तिथे लोक तिकीट काढतात तरी कशाला? आपल्याकडे असं केलं तर अख्खी पॅसेंजर विदाऊट जाईल. (एक वाचक, चाळीसगाव)

भाऊ, पहिल्या दिवशी मलाही हेच वाटलं. रस्त्यावरून जिना उतरला की थेट प्लॅटफॉर्म, ना फाटक ना खिडकी, पिवळी गाडी येते, लोक चढतात, उतरतात, चालले आपापल्या वाटेने. मी लेकीला म्हटलं, फार सज्जन लोक दिसतात गं हे. ती म्हणे, पप्पा थांबा थोडे दिवस.

चौथ्या दिवशी आम्ही दोघंच बाहेर पडलो होतो, गाडीत दोन जण चढले, जीन्स-जॅकेट, एकाच्या पाठीला सॅक. डब्यात कोणाला काही कळलं नाही, मला कळलं. चालत्या गाडीत दांडी न धरता पाय रोवून उभा राहतो आणि लोकांच्या तोंडाकडे नाही तर हाताकडे बघतो, तो माणूस कोण असतो हे मी झोपेतही सांगेन. दारं बंद झाली आणि दोघांनी खिशातून ओळखपत्रं काढली. म्हणजे टीसी आहेच, फक्त काळा कोट घालत नाही! मी बायकोला कोपर मारलं, बघ, आपले लोक आले. आणि ऐटीत दोन्ही तिकिटं पुढे केली. त्याने एक तिकीट घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि विचारलं, ठप्पा कुठंय?

त्याचं असं आहे, की मशीनमधून काढलेलं कागदी सिंगल तिकीट नुसतं जवळ असून चालत नाही. प्लॅटफॉर्मवर छोटी पेटी असते, तिच्या फटीत तिकीट सारायचं, खट्ट आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. तोवर ते कोरंच, कारण ठप्पा नसता तर माणसाने एकच तिकीट महिनाभर खिशात ठेवलं असतं आणि टीसी दिसला की काढलं असतं. नियम करणाऱ्याला विदाऊटचं डोकं पक्कं माहीत होतं म्हणायचं.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नवीन आहे साहेब, माहीत नव्हतं." हे वाक्य मी ३१ वर्षं ऐकलं, रडून म्हटलेलं, दमात घेऊन म्हटलेलं, मांडीवरचं पोर चिमटा काढून रडवत म्हटलेलं, सगळे सूर मला पाठ आहेत आणि एकही सूर मी कधी खरा मानला नव्हता. माणशी ६० युरो, दोघांचे १२०, म्हणजे बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडे भाडं अधिक निदान २५० रुपये आणि त्यावरही लोक भांडतात. बायको माझ्याकडे बघून म्हणे, "आते काय करानं?" काय करणार, कार्ड काढलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे, की रोज अपडाऊन करणारे पासवाले तिथेही भरपूर, त्यांना गेट म्हणजे नुसता खोळंबा. बाकीच्यांना कधी कोण सॅक टांगून चढेल याचा भरवसा नाही. सज्जनपणाचं म्हणाल तर माणसं इथल्यासारखीच आहेत.

प्रश्न: मी पुढच्या सेमिस्टरला बर्लिनला शिकायला जातोय, प्रवासाचं तिकीट कोणतं घेऊ? (एक विद्यार्थी, धुळे)

आधी युनिव्हर्सिटीत विचार बेटा, बऱ्याच ठिकाणी फीसोबतच सेमिस्टर तिकीट मिळतं, मग बाकी काही लागत नाही. ते नसेल तर डॉइचलांड तिकीट, एकदा घेतलं की महिनाभर देशातली कुठलीही लोकल, बस, ट्राम, मेट्रो. लांबच्या फास्ट गाड्या त्यात चालत नाहीत हे ध्यानात ठेव. मे २०२३ ला सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. दर महिन्याला आपोआप पैसे कटतात, बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर पुढचा महिना गळ्यात. आमचं १२० युरोचं शिक्षण झाल्यावर लेकीने हेच फोनवर घेऊन दिलं, ठप्प्याची कटकटच गेली.

आणि शहराचे ए, बी, सी असे तीन झोन आहेत, एअरपोर्ट सी मध्ये येतो. विमानातून उतरल्या उतरल्या शहरापुरतं एबी तिकीट काढून बसशील तर माझा भाऊ होशील. सिंगल तिकीट दोन तास चालतं, गाड्या बदलल्या तरी हरकत नाही पण त्याच तिकिटावर परत यायचं नाही. मी होतो तेव्हा एबीचं ३ युरो ८० सेंट होतं.

प्रश्न: सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना अशा शहरात फिरवता येईल का? (एक ताई, अमळनेर)

येईल ताई, घाई नको फक्त. बस थांबली की दाराच्या बाजूने खाली वाकते, चढायला सोपं जातं. तिथली मेट्रो १९०२ पासूनची, जुनी स्टेशनं रस्त्याच्या अगदी खालीच, एखाद-दुसरा जिना. लिफ्ट सगळीकडे असेलच असं नाही, आधी फोनवर बघून निघा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. बाथरूमचं मात्र आधी सांगतो, स्टेशनवर पटकन सापडत नाही आणि सापडलं तर पैसे पडतात, सुटे नाणे जवळ असू द्या.

एक करा, त्यांना १०० नंबरच्या बसमध्ये बसवा. डबल डेकर असते, प्राणिसंग्रहालयापासून अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाते, वाटेत त्यांची संसद आणि सगळी मोठमोठी ठिकाणं दिसतात. शहराची फाळणी करणारी भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व-पश्चिम जोडायला सुरू केलेली बस आहे ही. टुरिस्ट बसला ढीगभर पैसे कशाला द्यायचे, साधं तिकीट चालतं. बायकोने तीनदा फेरी केली.

प्रश्न: शहराची फाळणी झालेली होती, मग गाड्यांचं काय झालं? तिथे काही खुणा दिसतात का? (एक शिक्षक, नंदुरबार)

गुरुजी, यावर मी अख्खा अंक लिहू शकतो. १३ ऑगस्ट १९६१ ला हद्द बंद झाली आणि मग भिंत उभी राहिली, पण जमिनीखालचे बोगदे आधीचेच. पश्चिमेच्या काही गाड्या मधला तुकडा पूर्वेच्या पोटातून जायच्या. मधली स्टेशनं पूर्वेने बंद केली, गाडी तिथे स्लो व्हायची पण थांबायची नाही, मंद उजेडात पहारेकरी उभे, प्लॅटफॉर्मवर प्रवासी एक नाही. लोक त्यांना भुताची स्टेशनं म्हणायचे. २८ वर्षं! मी रेल्वेचा माणूस, स्टेशन आलं आणि गाडी थांबली नाही तर माझ्या पोटात गोळा येतो. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, आणि यानोवित्सब्र्युके नावाचं स्टेशन ११ तारखेला उघडलं सुद्धा. नॉर्डबानहोफ स्टेशनात याचे फोटो लावलेत, मी तिथे दोन तास होतो, बायको बाकावर बसून कंटाळली.

दुसरी खूण ट्रामची. पश्चिम बर्लिनने १९६७ ला ट्राम बंद करून टाकली, पूर्वेने चालू ठेवली, म्हणून आजही ट्रामचं जाळं बहुतेक पूर्वेलाच आहे. आणि सिग्नलवरचा टोपीवाला छोटा माणूस, तोही पूर्वेचाच, कार्ल पेग्लाऊ नावाच्या माणसाने १९६१ ला काढलेला. लाल टोपीवाला हात पसरून उभा असेल तर रस्त्यावर एक गाडी नसली तरी बरेच लोक थांबून राहतात, विशेषतः शेजारी लहान पोरं असतील तर. आमची ही म्हणायची, टोपीवाले आबा हो म्हणाले, चला आता.

प्रश्न: भाषा येत नाही तर हरवला नाहीत का? (एरंडोल)

हरवलो ना. शहराभोवती रिंग लाईन आहे, ३७ किलोमीटरची, एस ४१ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि एस ४२ उलटी. मी उलट्या गाडीत बसलो आणि डुलकी लागली, तासाभराने डोळा उघडला तर गाडी परत जिथून बसलो तिथेच. पाचोरा-जामनेर पीजेला, त्या छोट्या नॅरोगेज गाडीला, आम्ही हसायचो, पण ती निदान जामनेरला तरी पोचवायची. दाराचं बटण मात्र आपण दाबायचं असतं, नाहीतर दार उघडायची वाट बघत उभे राहाल आणि गाडी निघून जाईल. आणि फुटपाथवर लाल पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका, तो सायकलवाल्यांचा आहे. घंटी अशी वाजवतात की वाटतं आपण रुळावर उभे आहोत.

प्रश्न: काय भो, तू स्टाफचा माणूस आहे हे सांगितलं नाही का त्या बर्लिनच्या टीसीला? सोडलं असतं की. (तुझाच एक जुना जोडीदार, भुसावळ)

सांगितलं रे. बायकोनेच ढोसलं, सांगा ना, सांगा ना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, मी पण टिकेट चेकर, इंडियन रेल्वे, थर्टी वन इयर. त्याचा चेहरा एकदम खुलला, जोडीदाराला बोलावलं, दोघांनी हात मिळवला. विचारतो, एका गाडीला डबे किती? म्हटलं कधी कधी चोवीस. त्याने शिट्टी वाजवली. मग विचारलं, एकटाच चेक करायचा का? म्हटलं नाही, पण वाटायचं एकटाच. तो खूप हसला, आणि हसत हसतच मशीनमधून पावती काढली, एक माझी, एक हिची.

आपण ईएफटी बुकावर, म्हणजे दंडाच्या पावतीपुस्तकावर, कार्बन घालून लिहायचो तसं काही नाही, गुळगुळीत कागद असतो. दोन्ही जपून ठेवल्यात, पण अक्षरं उडायला लागलीत, बघायच्या असतील तर या रविवारीच ये.