पाण्याखालच्या गावाचं आडनाव

सई,

काल जेवताना तू विचारलंस, "बाबा, आपलं गाव तर कोयनेच्या पाण्याखाली आहे. मग आपल्या नावातलं 'कर' खोटंच ना?" मी "आधी जेव" म्हणालो. घास घशातच अडकला होता माझ्या. म्हणून आता लिहितोय.

तुझ्या वर्गातल्या त्या बर्टविसलचं आडनावही 'कर'च आहे, माहितेय? इथे इंग्लंडातच, लँकेशायरमध्ये, पॅडिहॅमजवळच्या हॅप्टनपाशी बर्टविसल नावाची वाडी होती. 'ट्विसल' म्हणजे दोन ओढे मिळतात ती जागा, आणि 'बर्ट' म्हणजे पाखराचं पिल्लू. एंटविसल, ऑस्वल्डट्विसल ही गावंही त्याच भागातली. ती दोन अजून आहेत, ही वाडी मात्र केव्हाच उठली. आडनाव तेवढं राहिलं. 1934 साली जवळच अ‍ॅक्रिंग्टनला जन्मलेले संगीतकार हॅरिसन बर्टविसल याच आडनावाचे.

गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारतं? जो बाहेर पडला, त्यालाच लोक 'बर्टविसलचा' म्हणाले असणार. अप्पाही गावात नुसते बाळू होते. मुंबईला गिरणीत लागले, मुकादमानं गाव विचारलं, तेव्हा 'कर' लागलं. पुढे 1960 नंतर धरणाचं पाणी चढलं.

मी आठ वर्षांचा असताना मे महिन्यात अप्पा मला बामणोलीहून लाँचने तिकडे घेऊन गेले. पाणी उतरलेलं, भेगाळलेल्या गाळात घरांची जोती उघडी पडलेली. एका जोत्याशी जात्याचा खालचा दगड होता. अप्पांनी मधल्या भोकातला चिखल बोटानं कोरून काढला, धोतराच्या सोग्यानं दगड पुसला. "माझी आय इथं बसायची," एवढंच म्हणाले. मला ऊन लागत होतं. परत चला म्हणून मी रडायला लागलो, आणि ते लगेच उठले. त्यांना अजून थोडं बसू द्यायला हवं होतं गं.

तुला त्या पाण्याकडे बघून काही वाटायलाच हवं, असं नाही. उद्या हे आडनाव नकोसं झालं तर टाक. मला वाईट वाटेल, पण मी अडवणार नाही. खोटं मात्र म्हणू नकोस.

शनिवारी हॅप्टनला जाऊया? नुसती कुरणंच दिसतील बहुतेक. तुझ्या मैत्रिणीलाही विचार, येते का.

बाबा