मे महिन्यात आईबाबांना घेऊन टोकियो-क्योटो-ओसाका करायचं आहे. जेआर पास घेऊ का आणि रोख किती नेऊ?

जेआर पास, म्हणजे जपानच्या रेल्वेने ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास, घेऊ नका. टोकियोहून निघून क्योटो, ओसाका करून परत टोकियो, एवढाच बेत असेल तर तो अंगावर पडेल. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाली. 'पास घ्याच' सांगणारे यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ त्याआधीचे आहेत. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनचं टोकियो-क्योटो आरक्षित तिकीट माणशी १४,००० येनच्या आसपास पडतं, ओसाकाहून परतीचं थोडं जास्त. क्योटो ते ओसाका साध्या जलद गाडीने अर्धा तास, सहाशेच्या आसपास. सगळं मिळून तीस हजारांच्या आत बसतं. वर सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीसाठी पासवाल्यांनाही वेगळे पैसे मोजावे लागतात.

तारखा मात्र पुन्हा बघा. २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, तेव्हा अख्खा जपान फिरायला निघालेला असतो. त्या गर्दीच्या दिवसांत नोझोमीला बिनआरक्षित डबेच नसतात. आरक्षण महिनाभर आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. शक्य असेल तर दहा मेनंतरच जा, ज्येष्ठांचे हाल वाचतील.

शहरांतल्या फिरण्यासाठी प्रत्येकाला एकेक सुइका कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्या. विमानतळावर मिळणाऱ्या वेलकम सुइकाला डिपॉझिट नाही, पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेली शिल्लक परत मिळत नाही, म्हणून थोडे थोडे पैसे भरा. हेच कार्ड क्योटो-ओसाकातही चालतं आणि सेव्हन-इलेव्हन दुकानांत ओनिगिरी (भाताचे गोळे) घ्यायलाही. मशीनमध्ये कार्ड भरायला रोख जवळ असू द्या.

क्योटोची बस वेगळी. चढायचं मागच्या दाराने, उतरायचं ड्रायव्हरजवळच्या पुढच्या दाराने आणि पैसे उतरताना. शहराच्या मधल्या भागात सरसकट २३० येन. कार्ड नसेल तर ड्रायव्हरशेजारच्या पेटीत मोजून नेमकी नाणी टाकायची, ती पेटी सुट्टे परत देत नाही. आधी बाजूच्या खाचेत हजाराची नोट सरकवून सुट्टे करून घ्यायचे. पाच किंवा दहा हजाराची नोट तिथे चालत नाही. हे सगळं सिग्नलला बस थांबलेली असताना उरकून ठेवा, नाहीतर मागे रांग लागते. कोणी काही बोलत नाही, तेच जास्त अवघड वाटतं!

रोख निघताना माणशी पंधरा-वीस हजार येन पुरे. बाकी तिथल्या सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढता येते, स्क्रीन इंग्रजीत करता येतो. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, ते बहुधा बंदच असतात. कुठल्याही मशीनने 'रुपये की येन' विचारलं तर डोळे झाकून येन निवडा, रुपये निवडलेत की दर ते लावतील तो. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनाचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो, त्यामुळे हॉटेलसारख्या मोठ्या खर्चाला फोरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) बरं.

टिप कुठेही देऊ नका, पैसे विसरलात म्हणून वेटर मागे धावत येईल. आणि टोकियोत शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. ती चुकली तर टॅक्सीचं बिल बघून बाबांचं डोकं फिरेल.