नाशिकच्या थंडीत जेईई देताना

अरे, इंजिनिअरिंगची ही प्रवेश परीक्षा द्यायला रत्नागिरीतून येतोयस ना? मग आधी थंडीचं बघ. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा एक आकडी होतो. सकाळची पाळी नऊची, पण आत त्याच्या बरंच आधी सोडतात.

मी दोनदा दिलीय. पहिल्यांदा बोटं इतकी गारठली की माऊस नीट धरवेना, आणि मला वाटलं घाबरलोय म्हणून हात कापतायत! निम्मी तर थंडीच होती.

- बिनखिशांचा साधा स्वेटर घाल. तपासणी लवकर उरकते.
- आदल्या दिवशी केंद्र बघून ये, मग टपरीवर निवांत चहा घे.
- पहिलाच प्रश्न अडला तर सरळ पुढे जा. तिथेच अडून बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

गुणांचं गणित आत्ता नको.