पुण्यात घरासमोरच्या रस्त्यावर पी-१, पी-२ च्या पाट्या लागल्यात. गाडी नेमकी कधी, कुठे लावायची? फाटकाबाहेरची जागा सोसायटीचीच ना?

सोपं आहे. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला, सम तारखेला पी-२ च्या बाजूला. गोची होते ती महिनाअखेरीला. ३१ आणि १, दोन्ही विषम, म्हणजे सलग दोन दिवस गाडी त्याच बाजूला. सवयीने बाजू बदलणारे नेमके तेव्हाच सापडतात. एरवी मात्र रात्री लावलेली गाडी तारीख बदलल्यामुळे सकाळी चुकीच्या बाजूला असते, तेही ध्यानात ठेवा.

फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे, सोसायटीचा नाही. कुंड्या, सिमेंटने भरलेले डबे, 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी, यातल्या कशालाच कायद्याचा आधार नाही. (पेठांत हे सांगून बघा, भांडणच होईल!) मात्र फाटक अडेल अशी गाडी कुणालाच लावता येत नाही, तुम्हालाही नाही.

एकेरी वाहतूक किंवा नो-पार्किंगचा बदल वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या आदेशाने होतो. बऱ्याचदा तो आधी तात्पुरता असतो आणि लेखी हरकती मागवतात. सोसायटीच्या ग्रुपवर चिडचिड करण्यापेक्षा तेव्हाच अर्ज द्या, सोबत रस्त्याची रुंदी आणि फोटो जोडा.