छपन्नाव्या वर्षी पुन्हा सॉफ्टबॉल खेळायला लागावं का?

तुम्ही विचारलंय की शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, आता वय छपन्न, गुहागरला कायमचे राहायला आलोय, गुडघे कुरकुरतात, तर पुन्हा खेळायला लागावं का आणि ग्लोव्ह कुठला घ्यावा. शेवटी लिहिलंय, "घरचे म्हणतात, या वयात हातपाय मोडून घेशील." ग्लोव्हचं नंतर सांगते. आधी या वाक्याचा समाचार घेते, कारण ते मी आमच्याच घरात ऐकलंय, एक मनगट मोडल्यावर ऐकलंय, आणि ते तेव्हाही चूक होतं.

मी रत्नागिरीची. शाळेत खेळाची शिक्षिका होते, आता निवृत्त. भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही काही जण खेळतो. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, ज्या स्वतः पन्नाशीला आल्या तरी मला अजून बाईच म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, एक नारळाचे बागायतदार आहेत, आणि माझ्या वन्सं. वन्संनी साठीपर्यंत बॅट हातात धरली नव्हती. एक दिवस बघायला म्हणून आल्या आणि मग घरी बसायलाच तयार होईनात.

आमच्यात तेव्हा एक सर होते, माझ्याच पेशातले, दुसऱ्या शाळेतले. हाताला अजून जोर, पिचिंग, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणं, सणसणीत. त्यांचे दोन हट्ट. पिचिंग फास्टच असणार, आणि पहिला बेस, म्हणजे बॉल मारल्यावर पळत जाऊन गाठायचं पहिलं पोतं, एकच असणार. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की पहिल्या बेसला दोन पोती मांडू, एक बाद करण्यासाठी पाय टेकणाऱ्या फिल्डरला, एक पळणाऱ्याला. ते म्हणायचे, "असली सोय म्हाताऱ्यांना. नियम म्हणजे नियम." बाकीचे गप्प. पुरुष माणूस मोठ्या आवाजात नियम सांगायला लागला की आपल्याकडे लोक गप्प बसतात, हे मी स्टाफरूममध्येही आयुष्यभर पाहिलं.

त्या रविवारी वन्संनी थर्डकडे, म्हणजे तिसऱ्या बेसकडे, सरपटी बॉल मारला. थर्डवाल्याने उचलला, पण घाईत फेक होमच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बाजूला वळली. पहिल्या बेसवर सरच होते. बॉल घ्यायला ते पळणाऱ्याच्या वाटेत वाकले, एक पाय पोत्यावर तसाच. वन्सं समोरून येत होत्या, नजर पोत्यावर, कारण शिकवलेलंच तसं असतं. पोत्यावर पाय टेकायला जागाच उरली नव्हती. त्यांचा पाय सरांच्या टाचेत अडकला आणि त्या दोन्ही हात पुढे करून पडल्या. ओहोटीची ओली वाळू लादीसारखी टणक असते. मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलेलं. बॉल लाटेत गेला, तो आणायला कुणी हललं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ग्लोव्ह उघडा करून त्यात वन्संचा हात ठेवला, वरून ओढणी घट्ट गुंडाळली आणि आम्ही रिक्षा केली.

हॉस्पिटलच्या बाकावर माझे दीर म्हणाले, "वहिनी, साठीच्या बाईला पळवायचं कशाला? वय झालं की तोल जातो." सरांनी मान डोलावली. अहो, तोल गेलाच नव्हता! पुढची बॅटर म्हणून मी होमपाशी उभी होते, मला सगळं स्वच्छ दिसलं. विशीतली मुलगीही तिथे पडलीच असती. एका पोत्यावर दोन माणसांचे पाय आले म्हणून मनगट मोडलं, आणि ठपका मात्र वयावर ठेवला गेला.

आता त्या "म्हाताऱ्यांच्या सोयी"बद्दल. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली झालेल्या स्पर्धेत, पहिल्या बेसला डबल बेसच होता. अर्धा पांढरा मैदानात, अर्धा नारिंगी रेघेबाहेर. फिल्डरचा पांढरा, पहिल्यांदा पळत येणाऱ्या बॅटरचा नारिंगी. जगातल्या सर्वांत चपळ बायकांना तो लागतो, तर भाट्याला तो लाजिरवाणा कसा? त्याच स्पर्धेत जपानने अंतिम सामन्यात अमेरिकेला २-० हरवलं आणि त्यांची पिचर युकिको उएनो ३९ वर्षांची होती. २००८ चं सुवर्णपदकही जपानने तिच्याच पिचिंगवर मिळवलं होतं. तेव्हा नियम आणि वय या दोन्ही बाबतींत सरांची माहिती जुनी होती.

आमचा नारिंगी बेस मी स्वतः केला. खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली, तोंड सुतळीने शिवलं आणि वरून नारिंगी ताडपत्रीचा तुकडा ताणून बसवला. बाजूच्या पांढऱ्या पोत्याला तो दोन कोपऱ्यांत बांधून ठेवतो, नाहीतर वाळूवर दोन्ही फाकतात. होमलाही हेच. पळणाऱ्यासाठी बाजूला वेगळी रेघ मारा आणि कॅचरने, म्हणजे होममागच्या फिल्डरने, फक्त प्लेटला पाय लावायचा, अंगाला हात लावायचा नाही. सरपटत बेस गाठणं बंद. सड्यावर जांभ्याच्या मैदानात खेळणार असाल तर ते बंदच ठेवावं लागतं, मांडी सोलवटून निघते.

पिचिंग स्लो ठेवा. खालून, कमान काढून, डोक्याच्या वर जाऊन खाली येणारा बॉल. सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट आहे. बारा इंच घेराचा बॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा बॉल १६३ ग्रॅमच्या पुढे जात नाही. फास्ट पिचमध्ये पुरुषांचा पिचर ४६ फुटांवरून तो सोडतो. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या, चष्म्यातून ते झेपत नाही, म्हणून बॅटिंगला फक्त लांबचा चष्मा लावा. स्लो पिचमध्ये फिल्डर दहा असतात, त्यामुळे पळापळही वाटली जाते. आणि यात कमीपणा अजिबात नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला १९३० साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा सॉफ्टबॉल क्लब निघाला, 'किड्स अँड कब्स'. हे मी दिरांना दोनदा सांगितलंय.

गुहागरचा किनारा तुम्हाला आयता मिळालाय, लांब आणि सरळ. पण ओहोटीचं गणित सांभाळा. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे या रविवारी संध्याकाळी ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती. म्हणून आम्ही एक रविवार सोडून खेळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा संध्याकाळी पाणी खूप मागे जातं आणि डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आरामात मावतो. होम प्लेट उत्तरेला मांडा. भाट्याला आमचं होम खाडीच्या बाजूला असतं आणि बॅटर झरी विनायकाच्या देवळाकडे तोंड करून उभा राहतो. असं केलं की पहिला बेस समुद्राकडे येतो आणि तिथल्या फिल्डरच्या पाठीला मावळता सूर्य राहतो. उलट मांडलंत तर थर्डवरून आलेली प्रत्येक फेक त्याला उन्हातून शोधावी लागेल. सुटलेली फेक पाण्यात जाते हे खरं, पण नाक फुटण्यापेक्षा ते बरं. बॉल सिंथेटिक कव्हरचा घ्या, चामड्याचा पाणी पिऊन धोंड्यासारखा होतो... म्हणजे हाताला लागतो, एवढंच.

ग्लोव्ह. बारा ते तेरा इंचाचा, सॉफ्टबॉलचाच, बेसबॉलचा नको, त्याचा खिसा लहान पडतो. मनगटाला पट्टा असलेला बघा, या वयात बोटांची पेरं कधी सुजतात तर कधी नाही. खारा वारा आणि पावसाळा चामड्याचे वैरी. खेळून आलात की ओल्या फडक्याने मीठ पुसा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून बघा, नाहीतर गणपतीपर्यंत पांढरी बुरशी चढलेली असते.

गुडघ्यांबद्दल मी डॉक्टर नाही. पाहिलंय एवढं की आमच्यात गुडघ्याआधी मांडीचा मागचा स्नायू आणि पोटरी दगा देतात, कारण माणूस बराच वेळ नुसता उभा असतो आणि मग एकदम जीव खाऊन साठ फूट पळतो. तेव्हा आधी चाला, हळू पळा, मगच बॅट घ्या. बॅटिंग झाल्यावर दुसऱ्याला पळवायची मुभा सगळ्यांनाच ठेवा, मागणाऱ्याला ओशाळं वाटू देऊ नका. रक्तदाब, साखर, छातीचं काही असेल तर आधी तपासून घ्या. बायका खेळणार असतील तर हाडांची घनता एकदा बघून घ्यावी, पाळी गेल्यावर मनगट लवकर मोडतं. आमच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, त्यामुळे ऑक्टोबरात आणि एप्रिलनंतर ऊन उतरल्याशिवाय खेळू नका. मीठ-साखरेचं पाणी बरोबर असू द्या.

वन्संचं प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि त्या आता पिचिंग करतात. कमान इतकी देखणी काढतात की बँकवाले दोघेही चाचपडतात. दीर बघायला येतात, बोलत काही नाहीत. सरांनी खेळणं सोडलं आणि भेटले की अजून म्हणतात, बाई, तुम्ही खेळाचा खेळखंडोबा केलात. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगते की पहिल्या बेसवर त्यांच्याइतका चांगला हात आमच्याकडे आजही नाही, यावं, खेळावं. पोती मात्र दोनच राहतील.