ताई, मी रडते त्याने बाळाला काही होईल का?

हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतोच. मानखुर्दच्या वस्तीत आरोग्यसेविकांसोबत गरोदर बायकांच्या घरी जाते मी, आणि बाई जरा मोकळी झाली की पहिली भीती हीच निघते. सविताचं सांगते (नाव बदललंय), सातवा महिना होता तिला.

पहिल्या दोन भेटी नुसतं "सगळं ठीक आहे ताई". दहा बाय दहाची खोली, समोर सासू, बोलणार तरी काय? घरी जीन्सचे धागे कापायचं काम करते ती, मग मीही एक पँट मांडीवर घेतली न धागे कापत बसले. हात कामात असले की बायका बोलतात. तिसऱ्या भेटीला सासू रेशनला गेलेली, आणि माझं लक्ष कॅलेंडरवरच्या लाल फुल्यांकडे गेलं.

"या कसल्या गं?"

"रडले त्या दिवसांच्या. सगळे म्हणतात पोटुशीने हसतं राहावं, नायतर पोर रडकं निघतं. म्हणून मोजते, बाळाचं किती वाईट केलं मी ते."

गलबलून आलं मला. पण फुल्या नीट बघितल्या तर एक दिवसाआड होत्या. "या दिवशी काय असतं?" "पाणी येतं. पहाटे चारला." मला वाटलं झोपमोड, हंडे, थकवा, म्हणून रडू येत असेल, तसं बोलूनही गेले. ती गप्प. मीही गप्प राहिले, चार-पाच धागे कापून झाले तेव्हा म्हणाली, "नळावर बायका विचारतात, मागचं सातव्यातच गेलं ना गं तुझं?"

दवाखान्यात बसून मी 'झोप कमी, मन उदास' एवढंच लिहिलं असतं. रडू कुठल्या वेळी, कुठल्या जागी येतं ते मला त्या घराने दाखवलं. आधी दिवस बदलायचा, मन मागून येतं, या मताची आहे मी. तिला विचारून सासूशी बोलले, "एवढंच ना, हंडे मी न पोरगा आणतो" म्हणाली सासू. गेलेल्या बाळाबद्दल सविता त्या दिवशी पहिल्यांदाच पोटभर रडली, आणि मी म्हटलं, आजची फुली मारायची नाही.

तर उत्तर असं, की अधूनमधून रडल्याने बाळाला इजा होत नाही. उदासी आठवडेच्या आठवडे राहिली, मदत मिळाली नाही, जेवण-झोप-तपासणी सुटली तर मात्र बाळाचं वजन कमी भरण्याचा, डिलिव्हरी लवकर होण्याचा धोका वाढतो. म्हणून घरच्यांनो, "खूश राहा" म्हणू नका, हंडा उचला. घरी जाऊन बोलण्याने फरक पडतो हे पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत दिसलंय, २००८ साली छापून आलेला अभ्यास आहे, गरोदरपणात डिप्रेशन असलेल्या बायकांकडे शिकवून तयार केलेल्या गावच्याच आरोग्यसेविका जात होत्या, तर बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यातल्या २३ टक्केच बायकांना डिप्रेशन उरलं होतं, ज्यांना ही खास मदत नव्हती त्यांच्यात ५३ टक्के.

दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटत असेल तर आरोग्यसेविकेला, डॉक्टरला सांगा, मनाची गोळी चालू असेल तर न विचारता बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला, बाईला एकटं ठेवू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन आहे, टेली मानस, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात.