ब्रूगेलचे कापणीवाले आळशी आहेत काय?

प्रश्न : पीटर ब्रूगेल या फ्लेमिश (फ्लांडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातील) चित्रकाराच्या ‘कापणी करणारे’ या चित्राची छापील प्रत पाहण्यात आली. ऐन कापणीत निम्मी माणसे झाडाखाली जेवत बसली आहेत, एक जण तर हातपाय पसरून झोपला आहे. आमच्याकडे दादर ज्वारीच्या कापणीत असे दिसले, तर शेतमालक गप्प बसणार नाही. चित्रकाराने कष्टकऱ्यांची थट्टा केली आहे काय? आणि ते गाव खरे आहे काय?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : थट्टेचा समज जुना आहे. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या कारेल व्हान मांडर याने 1604 साली लिहिलेल्या चरित्रात ब्रूगेल हा वेष पालटून खेडुतांच्या लग्नांना जाणारा विनोदी गृहस्थ म्हणून येतो आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शेतकऱ्यात लोक विदूषक शोधू लागले. या चित्रापुरते तरी मला ते पटत नाही. झोपलेल्या माणसाच्या डावीकडे दोन्ही हातांनी लांब दांड्याचे विळे चालवणारे पुरुष आहेत, पेंढ्या बांधणाऱ्या व वाहून नेणाऱ्या बाया आहेत आणि पाण्याचे भांडे उन्हापासून जपून उभ्या गव्हाच्या आडोशाला ठेवलेले आहे. कामाची पाळी आणि भाकरीची वेळ एकाच रानात शेजारीशेजारी चाललेली आहे. आपल्या रोजंदारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गहू माणसाच्या खांद्याला लागतो, हीदेखील अतिशयोक्ती नव्हे, कारण बुटक्या वाणांचा प्रसार 1960 नंतरचा; त्याआधीचा गहू उंचच वाढत असे.

आपण शेतमालकाचा उल्लेख केलात, तो मात्र मर्मावर बोट ठेवणारा आहे. चित्रात मालक कोठेच नाही, कारण तो चित्रासमोर उभा आहे. 1565 साली हे चित्र अँटवर्पचा धनिक व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी, वर्षाचे ऋतू दाखवणाऱ्या मालिकेत रंगवले गेले. मालिकेतील चित्रे बहुधा सहा होती, त्यांपैकी पाच उरली आहेत. पुढच्याच वर्षी योंगेलिंकने दुसऱ्याच्या 16,000 गिल्डरच्या (तिकडचे तेव्हाचे नाणे) देण्यासाठी जामीन राहताना ब्रूगेलची 16 चित्रे तारण ठेवली. शेतावर राबणाऱ्यांचे हे चित्र त्यांच्यापैकी कोणाच्या घरी लागणार नव्हते. सत्तर वर्षांनंतर रुबेन्स या दुसऱ्या फ्लेमिश चित्रकाराने तर आडपडदाच ठेवला नाही : 1635 मध्ये त्याने ‘हेट स्टेन’ ही जहागीर विकत घेतली आणि सकाळच्या उजेडातील आपलीच गढी व भोवतालची जमीन रंगवली.

गाव नकाशावर शोधू नये. ब्रूगेल तरुणपणी आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता आणि याच मालिकेतील ‘बर्फातील शिकारी’ या चित्रात त्याने सपाट फ्लांडर्सला न शोभणारे उंच कडे उभे केले आहेत. ‘कापणी’तही दूरवरची खाडी, जहाजे आणि झाडीतले चर्च ही त्याने जुळवून आणलेली रचना असावी, विळा धरण्याची पद्धत, पेंढी आणि न्याहारी मात्र पाहिलेली आहे.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा विनामूल्य मिळते. ती मोठी करून उजवीकडच्या झाडावर चढलेला माणूस अवश्य पाहावा, कारण लहान छपाईत तो हमखास हरवतो.